मजुरी: माणसाची की नगाची?

एका इंग्रजी अहवालाचं मराठी तपासतोय. "लेबर कॉस्ट वाढल्याने चपला-कपड्यांचे बरेच उत्पादन चीनमधून व्हिएतनाम, बांगलादेशाकडे सरकले." इथं 'लेबर कॉस्ट'ला 'मजुरी' चालेल का? माझ्या मते मजुरी म्हणजे रोजावर जाणाऱ्याच्या हातात संध्याकाळी पडतात ते पैसे.

उद्यमनगरकर: आमच्यात उलटं हाय भावा. 'मजुरीनं करून देतो' म्हटलं की कास्टिंग म्हणजे ओतीव भाग गिऱ्हाइकाचा, मशीनिंग तेवढं आमचं. ती मजुरी शेडवाल्याला मिळते. कामगाराचा पगार, लाइटबिल, टूल, मशीनचा हप्ता, सगळं त्यातनंच. कामगाराला मिळतो तो पगार. सीएनसीवरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरच्या पोराला 'मजुरी किती?' विचारून बघा, तोंड फिरवतंय.

शब्दवेडी: मूळ फारसी. 'मुज़्द' म्हणजे मोबदला, त्यावरून मजूर, मजुरी. आपला जुना शब्द 'मोल'. तो 'मोलकरीण' आणि 'मोलमजुरी'त उरलाय. 'रोजंदारी'त मात्र मोजमाप दिवसाचं.

धोटा: इचलकरंजीत मजुरी पिकावर ठरते. एका इंचात आडवे धागे जितके, तितकं पीक. समजा पीक 52 आणि दर एका पिकाला 8 पैसे, तर मीटरला 4 रुपये 16 पैसे. सूत व्यापाऱ्याचं, माग खर्चीवाल्याचा, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याचा. म्हणजे त्याची ती मजुरी, आणि त्यातून विणकराला देतो तीही मजुरीच! साध्या मागाच्या जागी हवेच्या झोतानं धागा टाकणारा एअरजेट माग आला की माणूस कमी आणि कापड जास्त. विणकराचा महिन्याचा पगार वाढूनही मीटरमागं त्याचा वाटा घटू शकतो. म्हणून तुमच्या वाक्यात नुसतं 'मजुरी' लिहिलंत तर वाचणारा दिवसाचा पगार समजेल. कारखानदार बघतो नगामागचा खर्च.

उद्यमनगरकर: म्हणूनच तर पगार वाढले तरी चीन रिकामा झाला नाही. 2013 पासून रोबोंची सर्वांत मोठी बाजारपेठ तोच. शिलाई सरकली, कारण कापड लुळं पडतं, रोबोच्या हातात नीट बसत नाही. आमच्या फौंड्रीत फेटलिंगचं, म्हणजे ओतीव भागावरचा जादा धातू घासून काढायचं तसंच, वेड्यावाकड्या कास्टिंगला अजून ग्राइंडर घेऊन माणूसच लागतोय.

शब्दवेडी: पण मशीन आलं म्हणून कारखाना महागड्या देशात परत जातोच असंही नाही. आदिदासनं जर्मनीत आन्सबाखला रोबोंवर बूट करणारा कारखाना काढला. 2019 मध्ये तो बंद करायचं जाहीर केलं आणि तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे नेलं. सुटे भाग, कारागीर, सगळं तिथंच होतं. तेव्हा 'मजुरी वाढली म्हणून गेलं' हे कारणही अर्धंच.

मूळ प्रश्नकर्ता: मग 'नगामागे मजुरीखर्च' करतो. वाक्य लांबतंय, पण चालेल.

धोटा: चालेल की. फक्त कापडाच्या ओळीत 'नग' नको, 'मीटरमागे' करा. नाहीतर आमच्याकडचा कुणीतरी विचारणार, पीक किती?