नाथसागराच्या उथळ पाण्यासाठी कमी खर्चाची सुरक्षित होडी कोणती?

सर्वांना नमस्कार. मदत हवी आहे. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे नाथसागरात, गंगापूर तालुक्याच्या काठाला, माझे दोन्ही चुलतभाऊ परवान्यावर मासेमारी करतात आणि आजही थर्माकोलच्या तराफ्यावर बसूनच जाळी टाकतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठालगत कमरेएवढेच पाणी उरते, परंतु त्याखाली बाभळीचे जुने खुंट आणि पाय रुतेल असा गाळ असतो. शिवाय दुपारनंतर वारा सुटला की एवढ्या मोकळ्या जलाशयात बघता बघता लाटा उठतात, आणि मला खरी भीती त्यांचीच वाटते.

म्हणून दोघांसाठी बारा-चौदा फुटांची फायबरची होडी घेण्याचा विचार आहे. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात सहज चालते आणि उभे राहून जाळे ओढताना कमी डुलते, हे खरे. पण समोरून येणाऱ्या लाटेवर ती आपटते, तेव्हा वल्ह्यावर ती कितपत आवरते, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. उलटली तरी तरंगत राहावी यासाठी बाकाखाली फोम भरलेले बंद कप्पे करून घेता येतात का, आणि जुनी होडी घेताना तळाच्या भेगा कशा तपासाव्यात?

जीवरक्षक जाकीट घालून जाळे ओढणे अवघड जाते, असे भाऊ म्हणतात. हात मोकळे राहतील असे जाकीट कोणी वापरत असल्यास अवश्य कळवावे. या बाबतीत मी तडजोड करणार नाही.