अनुभव धागा: कच्चं, ताजं, बिनप्रक्रियेचं खाताय? आणता कुठून?

गेल्या चैत्रात मी २१ दिवस चूल बंद ठेवली. म्हणजे माझ्यापुरती. मोड आलेले मूग, भिजवलेले दाणे, काकडी, पपई, ओलं खोबरं. पहिल्या आठवड्यात अंग हलकं, दुसऱ्यात पोट डब्ब, तिसऱ्यात शेजारच्या फोडणीचा वास सहन होईना. (गांधीजींनीही १९२९ मध्ये कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि आव झाल्यावर सोडला, एवढाच काय तो दिलासा.) पण खरं छळलं ते सामानानं. डोंबिवलीत स्टेशनबाहेरची पालेभाजी शिजवायला ठीक. कच्ची खायची तर ती कुठल्या पाण्यावर वाढली, या विचारानं घास अडकतो.

तुम्ही काय कच्चं खाता, कुठून मिळवता, काय अंगाशी आलं? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

बांधावरचा (नगर जिल्हा)
आमच्याकडे याला डाएट म्हणत नाहीत. हिवाळ्यात रानात पाथरी उगवते, ती धुवायची आणि भाकरीबरोबर तशीच खायची. कोवळी करडईही तशीच. मेथीचा घोळणा तर सगळ्यांना माहीत असेल: मेथी, कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून कच्चं तेल. अडचण अशी की पाथरी म्हणजे शेवटी तण, आणि तणनाशक आता सगळेच मारतात. आई फक्त आमच्याच बांधावरची खुडते. शेजाऱ्यानं प्रेमानं दिली तरी ती गुरांपुढे जाते.

काजूगर (सावंतवाडी)
पाकिटावर ‘कच्चे काजू’ लिहिलेलं असतं ते वाचून हसू येतं. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं, म्हणून बी आधी वाफवतात किंवा भाजतात आणि मग फोडतात. उष्णता न लागलेला काजू हवा तर उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे या. कोवळी बी कोयत्यानं चिरून काडीनं गर काढायचा. मी बारावीच्या सुट्टीत हाताला तेल न लावता शंभरेक बिया सोलल्या आणि आठवडाभर बोटांची सालं निघत होती. आजी म्हणाली, आता तुला काजूची किंमत कळली.

ओला वाल (पालघर)
रानातलं म्हणजे कच्चं चालतं, असं कृपया कुणी समजू नका. मुंबईहून आलेल्या माझ्या मित्रानं शेवळाचा (ही आमच्याकडची रानभाजी) तुकडा चावून बघितला. घसा असा खाजला की दोन तास बोलणं बंद. शेवळं काकडांबरोबर (आंबट रानफळं) शिजवतात ते काय उगाच?

न्यू जर्सीकर
इथे दुकानात ‘रॉ’ बदाम मिळतात. कॅलिफोर्नियाचे बदाम २००७ पासून जंतुमुक्त करूनच इथल्या बाजारात आणायचा नियम आहे, तरी नाव ‘रॉ’च. दुसरं म्हणजे मोड. गरोदरपणात डॉक्टरांनी कच्चे मोड सपशेल बंद केले. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. मी नऊ महिने मटकीची उसळच खाल्ली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “आम्ही खाल्लं, काय झालं?”

साधा वरणभात
आठ महिने फक्त कच्चं, दूधही बंद. हातापायांना मुंग्या. बी१२ तळाला. इंजेक्शनं घेतली. झाडपाल्यातून ते मिळत नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

खलबत्ता (सांगली)
थोडं अवांतर. घाण्याचं शेंगतेल स्वस्तात मिळालं म्हणून खूश होऊ नका. लिटरभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. बाजारातला दाण्याचा भाव घ्या, गुणाकार करा, मग बाटलीवरची किंमत बघा. मी आता दाणे स्वतः नेऊन समोर गाळून घेतो. पेंड म्हशीला.

धागाकर्ता
अवांतर कसलं, हेच हवं होतं. बांधावरचा, पाथरी एसटीच्या पार्सलनं डोंबिवलीपर्यंत टिकेल का?

बांधावरचा
ओल्या फडक्यात गुंडाळली तर संध्याकाळपर्यंत. पण मुळासकट उपटलेली पाठवतो, पानं तिकडेच खुडा. आणि पहिल्यांदा खाताय तर थोडीच घ्या, कडवट असते.