वॅगनआरचे दाराचे पॅनेल उन्हाने विटलेत: डाय, स्प्रे की रेक्झिन?

वैदर्भी_चाक

नमस्कार मंडळी. गाडी २००८ ची वॅगनआर, कायम उघड्यावर उभी. चारही दारांचे बेज पॅनेल काचेलगतच्या कडेला पांढुरके पडलेत. सीटच्या आड झाकलेला भाग मात्र अजून मूळ रंगाचा आहे. डॅशबोर्डची वरची बाजू डागाडागांची दिसते. पॉलिश मारलं की दोन दिवस काळीभोर, मग पुन्हा तशीच. ड्रायव्हरच्या बाजूचा आर्मरेस्ट रेक्झिनचा आहे, तो हाताला चिकटतो. फुटकंतुटकं काही नाही, एअरबॅग नाहीत.

डाय वापरू की रंग? पॅनेल काढावेच लागतील का? माल किती लागेल? आणि नागपूरच्या हवेत हे काम कधी करावं? कॉम्प्रेसर नाही, स्प्रे कॅनवर भागवायचंय.

पेंटबूथ_भोसरी

दुकानात जाण्याआधी एका दाराचा वीतभर भाग नीट धुऊन बघा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड आणि नखं घासायचा ब्रश, ग्रेनमधून (प्लास्टिकवरच्या खरबरीत नक्षीतून) गोल गोल फिरवायचा. पांढुरकेपणा जुन्या पॉलिशचा आणि त्यात बसलेल्या धुळीचा असेल तर इथेच निघून जातो. धुतल्यावर ओलं असताना रंग मूळचा दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरा पडला, तर उन्हाने प्लास्टिकचा वरचा पापुद्रा खाल्लाय असं समजा. तेव्हाच रंगाचा खर्च करा.

आता डाय की रंग. विनाइल डाय म्हणून जो कॅन विकला जातो तो कापडाच्या रंगासारखा आत मुरत नाही. तो पातळ आणि लवचीक रंगच असतो. त्यातलं सॉल्व्हंट रेक्झिनचा पृष्ठभाग किंचित मऊ करतं आणि रंग तिथे रुतून बसतो. एबीएसलाही, म्हणजे दुसऱ्या एका कडक प्लास्टिकला, तो बऱ्यापैकी धरतो. पीपीला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला, धरत नाही, आणि गाडीतलं कडक प्लास्टिक बहुतेक पीपीच असतं. पीपीवर थेट मारलेला कॅन पहिले काही आठवडे झकास दिसतो. मग नख लागलं की सोललेल्या बटाट्यासारखी सालं निघतात.

म्हणून पॅनेल काढा आणि मागे काय कोरलंय ते वाचा. दोन बाणांच्या टोकांमध्ये इंग्रजी अक्षरं असतात: पीपी, एबीएस, पीव्हीसी वगैरे. पीपीपुढे टीडी२० किंवा टी२० असेल तर त्यात २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) भरलेला आहे. त्याने रंगाच्या कामात फरक पडत नाही, ते पीपीच समजायचं.

काढण्याबद्दल: आतल्या हँडलच्या वाटीतला आणि ओढायच्या हँडलच्या टोपणाखालचे स्क्रू आधी. काच हाताने फिरवायची असेल तर फिरकीच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप असते. फिरकी आणि वॉशरच्या मधे सुती फडकं घालून दोन्ही टोकांनी करवतीसारखं ओढलं की क्लिप उडते. उडते म्हणजे खरंच उडते, दुसरा हात आड धरा. मग खालच्या कडेपासून एकेक क्लिप सोडवत वर या आणि शेवटी पॅनेल सरळ वर उचला, कारण वरची कड काचेच्या रबरात अडकवलेली असते. जुन्या क्लिपांपैकी काही तुटणारच. स्पेअरवाल्याकडून डझनभर आधीच आणून ठेवा.

डोंबिवली_डिटेलर

धुतल्यानंतर पाण्याची चाचणी करा. पाण्याचा फवारा मारला आणि पाणी सलग पसरलं तर पॅनेल स्वच्छ. थेंब थेंब होऊन राहिलं तर सिलिकॉन शिल्लक आहे. डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन हाच या कामातला खरा शत्रू. रंग पडला की गोल गोल खड्डे होतात, फिशआय म्हणतात ते. आणि ते बुजवायला वरून आणखी रंग ओतला तर खड्डा मोठाच होतो.

पॉलिमर_नाशिक

फिशआयचं बरोबर, पण पाण्याची चाचणी इथे फसवते. ती पत्र्यावरच्या रंगासाठी ठीक. पीपीची पृष्ठऊर्जा (द्रवाला पसरवून धरायची ओढ) मुळातच इतकी कमी की अगदी निर्मळ पीपीवरही पाण्याचे थेंबच होतात. लोक मग घासत बसतात आणि ग्रेन गुळगुळीत करून टाकतात.

प्लास्टिक ओळखायला तरंगण्याची चाचणीही सांगितली जाते, तीही अर्धवट आहे. साधं पीपी पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.९ च्या आसपास, म्हणून तरंगतं. २० टक्के टाल्क घातला की घनता १.०४ च्या जवळ जाते आणि तुकडा एबीएससारखाच बुडतो. खूण पुसली असेल तर मागच्या रिबवरून ब्लेडने नखाएवढी कपची काढा, चिमट्यात धरून घराबाहेर पेटवा. पीपी मेणबत्तीसारखं जळतं आणि वासही मेणाचाच. एबीएसचा काळा धूर निघतो, काजळीचे धागे हवेत तरंगतात.

सिलिकॉनसाठी पेंटच्या दुकानात वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर मिळतो. दोन फडकी घ्या: एकाने ओलं पुसायचं, ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसलं तर सिलिकॉन फक्त इकडचं तिकडे जातं. दर पॅनेलला फडकी बदला, धुऊन परत वापरू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर एबीएसला अजिबात लावायचा नाही. पृष्ठभाग विरघळतो, आणि हँडलच्या वाटीसारख्या ताण असलेल्या जागी बारीक तडे दिसू लागतात. एबीएससाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे.

वैदर्भी_चाक

धन्यवाद मंडळी. एक मागचं पॅनेल काढलं. खूण आहे: पीपी-टीडी२०. मधे कापडाचा तुकडा चिकटवलेला आहे, तो निघेल असं वाटत नाही. धुतल्यावर वाळून पुन्हा पांढरंच पडलं. आता पुढचा क्रम सांगा. मॅचिंग रंग कसा काढू?

पेंटबूथ_भोसरी

रंगासाठी पॅनेल बरोबर न्या आणि झाकलेला भाग दाखवा, विटलेला नाही. कॉम्प्युटरवर टिंटिंग करणारा दुकानदार पाव लिटर रंग काढून रिकाम्या एरोसोलमध्ये भरून देतो. फिनिश मॅट सांगा. सॅटिनही आतल्या ग्रेनवर चकाकतो आणि स्वस्त दिसतो. नमुना पुठ्ठ्यावर मारून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर दुकानाबाहेर उजेडात ताडून बघा. मॅट रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की एक छटा उजळतो. ओल्या रंगावर हो म्हणणाऱ्याची गाडी दोन रंगांची होते.

चार दारांना ४०० मिलीचे तीन कॅन रंगाचे आणि एक कॅन प्लास्टिक प्रायमरचा. इथला प्रायमर म्हणजे पारदर्शक ॲडहेजन प्रमोटर, रंगाला प्लास्टिकवर धरून ठेवणारा थर. दुकानात पीपी प्रायमर म्हणून मागा आणि कॅनवर पीपी लिहिलेलं आहे ना ते बघा. करड्या रंगाचा, खड्डे भरणारा प्रायमर इथे नको, तो ग्रेन बुजवतो.

कापडाच्या कडेला १८ मिमीची चांगली मास्किंग टेप लावा आणि टेपची कड जुन्या एटीएम कार्डाने कापड-प्लास्टिकच्या फटीत दाबा. बाकी कापडावर कागद. मग करड्या स्कॉचब्राइटने हलक्या हाताने, पाणी घेऊन, ग्रेनवरची चमक मोडेल इतपतच घासा. सँडपेपर नको, पीपी कापलं जात नाही, त्याची लव उभी राहते आणि रंगाखालून दिसते. पाण्याने धुवा, वाळवा, वर सांगितलेली दोन फडक्यांची पुसणी करा. इथून पुढे हातमोजे.

प्रमोटरचा एक पातळ हात, पाच मिनिटांनी दुसरा. आता घड्याळाकडे लक्ष: त्यानंतर किती वेळात रंग चढवायचा ते कॅनवर लिहिलेलं असतं, साधारण १० ते ३० मिनिटं. ती वेळ उलटली तर प्रमोटर पुन्हा मारायचा, तसाच पुढे रंग मारायचा नाही. म्हणून एका वेळी दोनच पॅनेल हातात घ्या. रंग सोलून येण्याच्या ज्या तक्रारी असतात त्यातल्या बऱ्याच इथल्या असतात, दोष मात्र रंगाला दिला जातो.

रंगाचा कॅन आतली गोळी वाजू लागल्यापासून दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते २५ सेंमी. बोट पॅनेलच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर. पहिला हात नुसता धुरळा: खालचं पांढरं अर्धंअधिक दिसत राहिलं पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. चौथा लागला तर फक्त कडांना. पहिल्याच हाताला झाकायचा मोह झाला की रंग ग्रेनमध्ये साचतो आणि पॅनेल खेळण्यातल्या गाडीचं वाटू लागतं. टेप शेवटच्या हातानंतर १५-२० मिनिटांनी, स्वतःकडे दुमडून तिरकी ओढत काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर कडेचा रंग तिच्याबरोबर येतो.

दोन पॅनेल झाले की दोन दिवसांनी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकडी कापा, सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. चौकोन टेपवर आले तर उरलेली दोन रंगवू नका, आधी सफाईत काय राहिलं ते शोधा.

तोंडाला एन९५ चालणार नाही, तो धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. कोणी टू-के पीयू (हार्डनर मिसळायचा पॉलियुरेथेन रंग) सुचवेल. टिकतो तोच जास्त, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, ते घराच्या गॅलरीत मारायची गोष्ट नाही.

डोंबिवली_डिटेलर

हवेचं राहिलं. आमच्याकडे जुलैत लॅकर मारला की दुधासारखा पांढरा पडतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. तुमच्याकडे मे महिन्यात उलटी गत: थेंब पॅनेलवर पोचेपर्यंतच वाळतो आणि हात फिरवला तर सँडपेपरसारखा खरखरीत लागतो. नागपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते बारा, सावलीत, वारा नसताना. डिसेंबरात सकाळी गारठा असला तर कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. कोमट म्हणजे हात सुखाने राहील इतकंच. गॅसवर, हीटरजवळ कधीच नाही.

सीटकव्हर_सदाशिव

आर्मरेस्टचा चिकटपणा वेगळा. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर उन्हाने वर येतं, त्यात हाताचं तेल आणि सॅनिटायझर. दोन-तीन वेळा साबण-पाणी, मग अल्कोहोलने पुसून आठवडाभर बघा. पुन्हा चिकट झालं तर वरून कुठलाही रंग टिकणार नाही, कारण तेल खालून येतच राहतं. तेव्हा नवीन रेक्झिन चढवा, छोटा तुकडा आहे. चिकटपणा गेला तर पाण्यावर आधारित लेदर-विनाइल कलर स्पंजने, तीन पातळ हात. हात सतत टेकतो त्या जागी कॅनच्या रंगापेक्षा तो जास्त लवचीक राहतो.

चारही दारांवर रेक्झिन मारून देऊ असं कोणी म्हणालं तर चिकटवायचं सोल्यूशन उष्णता सोसणाऱ्या ग्रेडचं आहे का विचारा. साधं सोल्यूशन नागपूरच्या उन्हाळ्यात काचेच्या कडेपासून सुटतं. शिवाय पॅनेलची वरची कड जाड झाली की काचेच्या रबरात बसत नाही, मग काच वर-खाली होताना घासते.

वैदर्भी_चाक

डॅशबोर्डचं काय करू? एका ओळखीच्याने हीट गन फिरवली की काळा होतो असं सांगितलंय.

पॉलिमर_नाशिक

काळ्या, रंग न दिलेल्या पीपीवर हीट गनने काळेपणा येतो हे खरं. विटलेल्या थरातल्या बारीक भेगा वितळून बुजतात, म्हणून. पण काही महिन्यांत पुन्हा विटतं, कारण उन्हाने खराब झालेलं प्लास्टिक तिथेच असतं. शिवाय पीपी १६०-१६५ अंशांना वितळतं आणि हीट गनचं तोंड त्याच्या तिप्पट तापतं. क्षणभर थांबलात की ग्रेन चकचकीत होतो किंवा व्हेंटची कड वाकते. बंपरच्या काळ्या पट्टीवर करून बघा, डॅशवर नको. बेजवर तर मुळीच नको, पिवळं पडतं.

पेंटबूथ_भोसरी

डॅशचे डाग तुमच्या वर्णनावरून पॉलिशचेच जास्त वाटतात. तीन-चार वेळा साबणाने धुऊन पॉलिश पूर्ण उतरवा, मग आठवडाभर काहीही लावू नका. तरीही विटकं दिसलं तर कोरडा राहणारा, तेलकट नसलेला ट्रिम रिस्टोरर लावा. डॅश गाडीतच ठेवून स्प्रे करायचा तर विंडशील्ड, व्हेंट, मीटर, सीट सगळं झाकावं लागतं, आणि एवढं करून रंग जरा उजळ किंवा चकाकता लागला तर दुपारी त्याचं प्रतिबिंब काचेत पडून समोरचं दिसत नाही. दारांवर खपणारी छटा तिथे खपत नाही.

हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: डॅशवर एअरबॅगचं झाकण असेल तर त्यावर आणि त्याच्या शिवणीवर रंग मारू नका. थर जाड झाला की फाटण्याची जागा कशी वागेल ते सांगता येत नाही, वर रंगाच्या कपच्या तोंडावर उडतात. सीटबेल्टच्या पट्ट्यालाही कुठलाच रंग लावायचा नाही.

वैदर्भी_चाक

समजलं. शेवटचं, पॅनेल परत कधी बसवू?

पेंटबूथ_भोसरी

दोन दिवसांनी बसवता येतील, पण रंग पूर्ण पिकायला आठवडा लागतो. तोवर गाडी सावलीत ठेवा आणि दाराला पिशव्या घासू देऊ नका. बसवताना दाराच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद नीट चिकटवा. तो फाटला किंवा सुटला असेल तर ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) पट्टीने. तसाच लोंबता ठेवला तर पावसाळ्यात दारातलं पाणी आत येऊन कार्पेटखाली साचतं. क्लिप तळहाताने दाबून बसवा, बुक्की नको, नव्या रंगावर अंगठीचा ओरखडा लगेच उठतो. महिनाभर पॉलिश बंद, फक्त ओलं मायक्रोफायबर. नंतरही सिलिकॉनवालं नको, पुढे कधी टचअप करायचा झाला तर तेच आडवं येतं.