मदत हवी आहे: फोनवरून ज्येष्ठांची स्मृतिचाचणी, तीही मराठीत

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी शाहूवाडी तालुक्यातल्या पासष्टीपुढच्या लोकांची फोनवरून स्मृतिचाचणी घ्यायची आहे. निदान करायचं नाही, डॉक्टरांकडे कोणाला पाठवावं एवढंच ठरवायचंय. १९८८ ची 'टिक्स' (४१ गुण) आणि २२ गुणांची टेलिफोन मोका, या फोनवरून स्मृती-आकलन तपासायच्या दोन्ही इंग्रजी चाचण्या चाळल्या. पण त्यांत सांगतात तसे शंभरातून सात-सात शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींनी कसे वजा करावेत? गुण गेले तर ते विसरण्यामुळे की निरक्षरतेमुळे? हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण ज्येष्ठांसाठी केलेल्या हिंदी चाचणीत विसातून तीन-तीन वजा करायला सांगतात, ते जास्त पटतं.

खरी पंचाईत तारखेची. सरावात काही जणांनी तारखेऐवजी 'आज वद्य एकादशी' असं सांगितलं, आणि बिनचूक! गुण द्यायचा का? शिवाय फोन स्पीकरवर असतो, मागून सून उत्तर पुरवते. भिंतीवरचं कॅलेंडर आहेच.

मराठीत प्रमाणित केलेली फोनचाचणी कोणी वापरली आहे का? लक्षात ठेवायला सांगायच्या दहा शब्दांच्या यादीत कोणते शब्द घेतलेत? निरक्षरांसाठी कटऑफ (ज्याखाली डॉक्टरांकडे पाठवायचं तो गुणांक) वेगळा ठेवलात का? आणि कमी ऐकू येणाऱ्यांना वगळलंत की घरी जाऊन चाचणी घेतलीत?