मदत हवी आहे : सेप्टिक टँक आणि बोअर एकाच प्लॉटमध्ये, अंतर कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, सोलापूरजवळ अक्कलकोट रोडला कुंभारीच्या पुढं आमचा ५ गुंठे प्लॉट आहे, तिथं घर बांधायचंय. ड्रेनेज लाईन नाही, म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा (टँकमधून बाहेर येणारं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) करावाच लागणार. अडचण अशी की आमचा बोअर एका कोपऱ्यात आणि शेजारच्या काकांची विहीर बांधाला लागूनच, आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब पाहिजे असं आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात आहे. मिस्त्री म्हणतोय २० फूट बास झालं, मला ते अजिबात पटत नाही. वर काळी माती, खाली मुरूम आणि मग फुटलेला खडक, त्या भेगांतून घाण पाणी कुठंही जाऊ शकतं की. काकांच्या घरात लहान नातवंडं तेच पाणी पितात.

कुणी अशा जागेत शोषखड्ड्याऐवजी दुसरं काही केलंय का? बोअरला केसिंग (वरच्या भागात घालतात तो पाइप) किती फुटांपर्यंत घातलं? बांधकाम परवानगीच्या नकाशात टँक, बोअर, शेजारची विहीर सगळं दाखवायला लावतात का? आणि काम सुरू करायच्या आधीच दोन्हीकडचं पाणी तपासून घ्यायचंय, नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम) आणि जंतू दोन्ही, तर सोलापुरात सॅम्पल कुठं द्यायचं तेवढं सांगा प्लीज.