‘प्रायव्हसी’ला मराठीत काय म्हणावं? आधार खटल्याच्या निमित्ताने

उंबरठा:
विधी शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आधारवरच्या खटल्यांची मराठीत टिपणं काढतोय. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची २०१२ ची याचिका, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगणारा २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निकाल आणि आधार कायद्यावरचा २६ सप्टेंबर २०१८ चा पाच जणांचा, चार विरुद्ध एक असा निकाल, एवढा पल्ला आहे. पहिल्याच पानावर अडलो. ‘राइट टू प्रायव्हसी’ला काय लिहू? कुणी ‘गोपनीयतेचा अधिकार’ लिहितं, कुणी ‘खासगीपणाचा हक्क’. मला गोपनीयता खटकते, पण नेमकं का ते सांगता येत नाही.

मुळाक्षर:
खटकायलाच हवी. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात, साहेब आपला गोपनीय अहवाल लिहितात. संस्कृतात ‘गुप्’ म्हणजे राखणं, सांभाळणंसुद्धा. पण मराठी कानाला त्यातलं लपवणं तेवढं ऐकू येतं. एकदा हक्काचं नाव ‘गोपनीयता’ ठेवलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘तुम्हाला लपवण्यासारखं आहे काय?’ म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच आपण आरोपीच्या पिंजऱ्यात.

पायरीवरचा वकील:
मुळाक्षर यांच्या मुद्द्याला खटल्यातलाच दाखला आहे. २०१५ मध्ये ॲटर्नी जनरलनी कोर्टात सांगितलं की राज्यघटनेत असा मूलभूत हक्कच नाही. आधाराला दोन जुने निकाल होते. एक १९५४ चा, एम. पी. शर्मा, आठ न्यायमूर्तींचा. दुसरा १९६२ चा, खरकसिंग, सहा जणांचा. आठांचं म्हणणं ओलांडायचं तर नऊ हवेत, म्हणून तर नऊ जणांचं पीठ बसलं.

आता खरकसिंगची गोष्ट बघा. उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या प्रकरणात पकडलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी पोलिसांच्या दप्तरी नाव कायमचं. रात्री-अपरात्री शिपाई नाही तर चौकीदार यायचा, दार ठोठवायचा, झोपेतून उठवायचा. कोर्टाने ते रात्रीचं घरी जाणं रद्द केलं, आणि त्याच निकालात म्हटलं की प्रायव्हसी हा राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे! यात गोपनीय काय होतं? तो घरात आहे, झोपलाय, हे अख्ख्या गावाला माहीत. त्याचं गुपित कुणी फोडलं नव्हतं, झोप मोडली होती. शिकवताना मी हेच उदाहरण घेतो. ‘गोपनीयता’ शब्द त्याच्यापुढे टिकत नाही.

तांदूळगहू:
मी काही भाषेची जाणकार नाही, पण आमच्याकडे बायका याला ‘आडोसा’ म्हणतात. ‘न्हाणीला आडोसा नाही.’ आडोशाच्या मागे काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आडोसा लागतोच. तुमच्या खरकसिंगला पोलिसांनी आडोसा ठेवला नाही, एवढंच.

उंबरठा:
वा! हे आजवर कुणी सुचवलं नव्हतं.

मुळाक्षर:
शब्द लाखमोलाचा, पण ‘आडोशाचा मूलभूत हक्क’ लिहिलंत तर परीक्षक पेपर दुसऱ्यांदा उघडणार नाही. आणि २०१७ च्या निकालात शरीराबरोबर माहिती आहे, कुणाशी लग्न करायचं, काय खायचं असे निर्णय आहेत. आडोसा शरीराला पुरतो, निर्णयाला तोकडा पडतो. मी ‘खासगीपणा’च्या बाजूचा.

‘खासगी’ला आपल्याकडे इतिहासही आहे. होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा, महसूल वेगळा आणि खासगीचा वेगळा. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जो दानधर्म केला, तो खासगीच्या उत्पन्नातून. खासगी म्हणजे चोरून ठेवलेलं नव्हे. त्याचे हिशेब होते, कारभारी होते. फक्त तिथे दौलतीचा हात पोचायचा नाही. सरकार आणि माणूस यांच्यामधली हद्द दाखवायला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. तेव्हा ही हद्द राजघराण्याला होती, आता ती खरकसिंगला मागायची आहे.

शेवटचा बाक:
आणि ‘खासगीकरण’चं काय करायचं? २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधली जी वाट खासगी कंपन्यांना आधार वापरू देत होती, ती बंद झाली. म्हणजे वाक्य होणार, ‘खासगी कंपन्यांमुळे खासगीपणा धोक्यात.’ पोरं म्हणतील, सर, खासगीला खासगीचाच धोका कसा?

मुळाक्षर:
म्हणू देत. निदान त्या निमित्ताने कलम ५७ लक्षात राहील.

पायरीवरचा वकील:
‘ऐच्छिक’ या शब्दावरही एक टीप टाका. सप्टेंबर २०१३ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की आधार नाही म्हणून कुणाचं अडता कामा नये. तेव्हापासून हा शब्द चलनात आहे. २०१८ मध्ये बँक खात्याला आणि सिमकार्डाला आधार जोडायची सक्ती गेली, पॅनला जोडायची राहिली, आणि पॅनशिवाय तेव्हा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरता येत नव्हतं. शाळेतल्या ऐच्छिक विषयासारखं: संस्कृत घ्या नाही तर फ्रेंच घ्या, पण घ्याच. इथे तर फ्रेंचही नाही.

तांदूळगहू:
रेशनच्या रांगेत ऐच्छिक वगैरे कुणी म्हणत नाही. ‘थम लागत नाही’ म्हणतात. माझ्या सासूबाईंचा जन्म भांडी घासण्यात गेला, बोटांच्या रेषा पुसट झाल्या. मशीन तीनदा नाही म्हणालं, दुकानदार म्हणाला, ‘आजी, उद्या या.’ पूर्वी अंगठा उठवला की काम व्हायचं आणि लोक अडाणी म्हणायचे. आता शिकलेल्यांनाही अंगठाच लावायचाय आणि तोच लागत नाही. अनुदानासाठी आधार मागणारं ते कलम २०१८ मध्ये टिकलं ना?

पायरीवरचा वकील:
टिकलं. कलम ७. सगळा कायदा त्याच्याच बळावर ‘धन विधेयक’ ठरला: पैसा देशाच्या एकत्रित निधीतून जातो म्हणून. उंबरठा, इथे ‘वित्त विधेयक’ लिहू नका, ते अर्थसंकल्पाबरोबर येतं ते. धन विधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, आणि पाचांत एकटे वेगळं मत देणाऱ्या न्यायमूर्ती चंद्रचूडांचा मुख्य आक्षेप तिथेच होता. हे राज्यघटनेशी कपट आहे, असं त्यांनी लिहिलं.

उंबरठा:
त्या एकट्या मताला ‘अल्पमत’ लिहू?

शेवटचा बाक:
अल्पमतात सरकार येतं आणि पडतं. हे मत तर जमैकात जाऊन उभं राहिलं. तिथल्या न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ओळखपत्राचा कायदा रद्द करताना त्याचा भरपूर आधार घेतला. ‘भिन्नमत’ लिहा.

मुळाक्षर:
आधारावरून आठवलं. कार्डावर छापलंय, ‘माझे आधार, माझी ओळख’. मराठीत आधार पुल्लिंगी. बुडत्याला काडीचा आधार, म्हातारपणचा आधार. ‘माझे’ कुठून आलं?

शेवटचा बाक:
‘कार्ड’ नपुंसकलिंगी, त्याच्या सावलीत. आपण नाही का म्हणत, ‘तुझं आधार आणलंस का?’ मी म्हणतो. आधार आणला, असं म्हटलं तर कुणाला तरी हाताला धरून आणल्यासारखं वाटतं.

उंबरठा:
ठरलं. ‘खासगीपणाचा हक्क’ लिहितो आणि खरकसिंगच्या परिच्छेदात ‘आडोसा’ येऊ देतो. ‘गोपनीयता’ तळटीपेत.

मुळाक्षर:
चांगलं. फक्त ‘खासगी’च ठेवा, ‘खाजगी’ नको. मूळ ‘खास’ आहे.

तांदूळगहू:
आमच्याकडे खाजगीच म्हणतात हो.