जर्मनीत मास्टर्सचा फक्त थीसिस राहिलाय, पैसे संपत आलेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी स्टुटगार्टला मास्टर्स करतेय. सगळे विषय पास झालेत, एप्रिलमध्ये थीसिसची नोंदणी करायची आहे. बाबांचे इचलकरंजीत यंत्रमाग होते, ते यंदा विकावे लागले. घरून आता काही मागवण्यासारखं नाही, आणि मला मागायचंही नाही. शैक्षणिक कर्ज पूर्ण उचलून झालंय. राहतं घर आधीच तारण आहे, त्यामुळे ते वाढवून मिळणार नाही.

जर्मनीत शिक्षण फुकट असं सगळीकडे सांगतात, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. शिवाय सेमिस्टर शुल्क, आरोग्य विमा आणि खोलीभाडं आलंच. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठराविक रक्कम देणारं खातं) रिकामं व्हायला आलंय. इथं राहण्याचा परवाना वाढवायचा तर महिन्याला ९९२ युरोंची सोय दाखवावी लागते.

इन्स्टिट्यूटमध्ये हिवीचं (विद्यार्थी-सहायकाचं) काम करते, महिन्याला ४० तास. त्यात भाडं आणि विमा कसाबसा निघतो.

आतापर्यंत शोधलं ते असं. बाफोग ही सरकारी शिक्षण-मदत आपल्यासारख्या शिक्षणाच्या परवान्यावर आलेल्यांना मिळत नाही. डॉइचलांडश्टिपेंडियुम या शिष्यवृत्तीला नागरिकत्वाची अट नाही, महिन्याला ३०० युरो मिळतात (निम्मे केंद्र सरकारचे, निम्मे खासगी देणगीदाराचे), पण आमच्याकडची यंदाची मुदत उलटून गेली. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या प्रवेशाच्या वेळच्या, शेवटच्या सेमिस्टरला त्यांचा उपयोग नाही.

विचारायचं हे: थीसिसच्या टप्प्यावर असलेल्यांसाठी काही मदत असते का? हिवीचं कंत्राट आउसलेंडरबेहोर्डेत (परवाना देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयात) उत्पन्न म्हणून धरतात का? एक सेमिस्टर रजा घेऊन पूर्णवेळ काम करावं आणि मग थीसिस लिहावा, असं मैत्रीण सुचवतेय. कुणी केलंय का? दोन वर्षं शिकून डिग्रीशिवाय परत जायची कल्पनाच सहन होत नाही.

गोदाकाठ:
अगं, सगळ्यात आधी रजेचा विचार सोड. परवाना शिक्षणासाठी आहे, कमाईसाठी रजा घेतलीस तर तो वाढवताना अडचण येऊ शकते. शिवाय रजेच्या सेमिस्टरमध्ये वर्किंग स्टुडंटची विम्यातली सवलत सहसा जाते, मग हातात पडणारा पगार कमी होतो.

तू ज्या टप्प्यावर आहेस त्याच्यासाठीच एक मदत आहे. डीएएडी (जर्मनीची विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था) 'स्टीबेट' नावाखाली विद्यापीठांना पैसे देतं, आणि त्यातून अनेक विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना डिग्री पूर्ण करण्यासाठी काही महिने रक्कम देतात. नाव 'श्टुडिएनआबश्लुसबायहिल्फे'. अर्ज डीएएडीकडे नाही, विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे करायचा. साधारण वर्षभरात डिग्री होईल असं दिसावं लागतं, म्हणून प्राध्यापकांचं पत्र आधी मागून ठेव. निधी थोडा असतो. खातं शून्यावर येईपर्यंत थांबू नकोस, उद्याच मेल कर.

सह्याद्रीपार:
ताई, ईएसजी आणि केएचजी ही विद्यापीठातली प्रोटेस्टंट आणि कॅथलिक विद्यार्थी केंद्रं. त्यांच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांसाठी अडचणीचा निधी असतो. ईएसजीच्या निधीमागे 'ब्रोट फ्युर दी वेल्ट' ही संस्था आहे. आपण ख्रिस्ती नाही म्हणून अर्ज न करणारे पुष्कळ भेटतात, पण धर्माची अट तिथे नसते. माझ्या रूममेटला, तो नांदेडचा, थीसिसच्या काळात तिथूनच मदत झाली. भेटीची वेळ घेऊन जा, बँकेची स्टेटमेंट्स सोबत ने आणि घरची परिस्थिती आहे तशी सांग. श्टुडिएरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची वसतिगृहं-खानावळी चालवणाऱ्या संस्थेच्या) समाजसल्ला विभागातही जाऊन ये, अडचणीतल्यांसाठी कर्जाची सोय काही ठिकाणी असते.

परवान्याचं: कंत्राट आणि पगाराच्या पावत्या धरतात. माझ्या वेळी ९९२ मधून पगार वजा करून उरलेल्या रकमेचीच तरतूद दाखवायला सांगितली होती. कार्यालयागणिक फरक पडतो, तेव्हा आधी लेखी विचार. अर्ज मात्र परवाना संपण्याआधीच जायला हवा. तो वेळेत गेला की निर्णय येईपर्यंत आहे तो परवाना चालू धरतात आणि तसा कागद मिळतो.

विद्यापीठातलं हिवीचं काम परदेशी विद्यार्थ्यांना असलेल्या वर्षाला १४० दिवस कामाच्या मर्यादेत मोजत नाहीत, हे लक्षात ठेव. इन्स्टिट्यूटनं तास वाढवून दिले तर बाहेर काम शोधण्यापेक्षा ते बरं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. स्टीबेटचं नावही ऐकलं नव्हतं. इंटरनॅशनल ऑफिसला आत्ताच मेल पाठवला, प्राध्यापकांना सोमवारी भेटते आणि तासांचंही विचारते. एक राहिलं: त्या पत्रात थीसिस संपायची नेमकी तारीख लागते, की 'या सेमिस्टरअखेर' एवढं चालतं? कुणाकडे जुना नमुना असेल तर नाव-गाव खोडून इथे टाकाल का?